अधिवेशनाचें गांव

दरवर्षीं एकत्र जमणाऱ्या कोणत्याहि संस्थेपुढें एक प्रश्न ठरलेला असतो: पुढील वर्षीं भेटावयाचें कोठें? वरवर पाहतां हा प्रश्न केवळ व्यवस्थेचा दिसतो. आगगाडीची सोय, उतरण्यास जागा, मुबलक पाणी, वर्गणी देणारे चार उदार गृहस्थ व राबणारे तरुण, इतकें जुळलें म्हणजे स्थळ ठरलें, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु राष्ट्रीय सभेच्या, म्हणजे इंडियन नॅशनल काँग्रेसच्या, पहिल्या पन्नास वर्षांचा इतिहास निराळेंच सांगतो. सभा कोणत्या गांवीं भरवावी या वादाआड ती सभा कोणाची, हा वाद अनेकदां दडलेला होता.

आरंभीं तसें कांहींच नव्हतें. १८८५ च्या मार्चांत निघालेल्या परिपत्रकांत पहिली परिषद २५ ते ३१ डिसेंबर या दिवसांत पुण्यास भरेल, असें जाहीर झालें होतें. तेथील सार्वजनिक सभेनें आतिथ्याचा भार शिरावर घेतला होता. पण तारीख जवळ आली आणि शहरांत पटकीचे रोगी आढळूं लागले. लांबून येणाऱ्या पाहुण्यांचे जीव धोक्यांत घालणें शक्य नव्हतें. सभा मुंबईस हलविण्यांत आली, आणि २८ डिसेंबर रोजीं गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेच्या इमारतींत, व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्या अध्यक्षतेखालीं, ७२ प्रतिनिधि जमले. पुण्याची सिद्धता वाया गेली खरी. परंतु कारण उघड होतें, आणि त्यांत कोणाचा जय वा पराजय नव्हता.

पुढें सभा प्रांतोप्रांतीं फिरूं लागली: १८८६ सालीं कलकत्ता, १८८७ सालीं मद्रास, १८८८ सालीं अलाहाबाद. जेथें सभा जाई, तेथें स्वागतमंडळ स्थापन होई, वर्गणी गोळा होई, मंडप उभा राही. आणि या खटपटींतूनच त्या प्रांतांत कार्यकर्ते तयार होत. पहिल्या वर्षींचे ७२ प्रतिनिधि चौथ्या वर्षीं १,२४८ झाले. सभेचें वजन कशानें वाढत आहे, हें सरकारासहि उमगलें असावें. अलाहाबादेस जागा मिळण्यांत अडथळे येऊं लागले. तेथील लेफ्टनंट गव्हर्नर सर ऑकलंड कॉल्व्हिन यांचा विरोध प्रसिद्धच होता. तेव्हां दरभंग्याचे महाराज लक्ष्मेश्वरसिंह यांनीं लौदर कॅसल या वाड्याचें आवार सभेसाठीं मिळवून दिलें. यजमानपणासाठीं पैशाप्रमाणेंच छातीहि लागते, हें त्या वर्षीं दिसून आलें.

१८९५ सालीं पुण्याची पाळी आली, तेव्हां भांडण जुंपलें तें मंडपावरून. राष्ट्रीय सभेमागोमाग तिच्याच मंडपांत सामाजिक परिषद भरविण्याची वहिवाट होती. टिळकपक्षानें या वहिवाटीस हरकत घेतली. सभेस वर्गणी देणाऱ्यांत सामाजिक सुधारणा न रुचणारे लोकहि पुष्कळ आहेत, मंडप त्यांचाहि आहे, असें त्या पक्षाचें म्हणणें. न्यायमूर्ति रानडे यांनीं ताणून धरलें नाहीं. त्यांनीं परिषदेची जागा बदलली. मंडप गेला, पण सभा दुभंगली नाहीं.

बारा वर्षांनीं मात्र हा तोल राहिला नाहीं. १९०७ चें अधिवेशन नागपुरास भरावयाचें ठरलें होतें. तेथील राष्ट्रीय पक्षास लोकमान्य टिळक अध्यक्ष हवे होते. नेमस्तांस तें मान्य नव्हतें. स्वागतमंडळांत अध्यक्षाच्या निवडीवरून इतकी रणें माजलीं कीं, तेथें अधिवेशन सुरळीत पार पडणार नाहीं, असें नेमस्त पुढाऱ्यांनीं ठरविलें, आणि स्थळ बदलून सुरत हें केलें. त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. पण सुरतेच्या निवडीस दुसरीहि बाजू होती. मुंबई इलाख्यांत सर फिरोजशहा मेहता यांचें वजन मोठें होतें. आणि यजमान प्रांतांतील गृहस्थास अध्यक्ष न करण्याचा संकेत असल्यामुळें, सुरत ठरतांच टिळकांचें नांव आपोआप बाजूस पडत होतें. मत न घेतां लागलेला हा निकाल होता, निदान राष्ट्रीय पक्षास तो तसाच वाटला.

२६ डिसेंबर १९०७ रोजीं सुरतेस सभा भरली ती गोंगाटांतच. दुसऱ्या दिवशीं टिळक व्यासपीठावर बोलण्यास उभे राहिले, अध्यक्ष रासबिहारी घोष यांनीं त्यांना मनाई केली, आणि इतक्यांत समुदायांतून आलेला एक जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी व मेहता यांना लागला. खुर्च्या व काठ्या चालल्या. सभा बेमुदत तहकूब झाली. पटकी टाळण्यासाठीं गांव बदलणें १८८५ सालीं उपयोगी पडलें, कारण रोग पुण्यांतच राहिला. १९०७ सालचा कलह नागपुरांत राहणारा नव्हता. तो प्रतिनिधींबरोबर त्याच आगगाडीनें सुरतेस पोंचला. दोन्ही पक्ष पुन्हां एका मंडपांत बसले ते १९१६ सालीं, लखनौस.

नागपुरास अधिवेशन आलें तें १९२० च्या डिसेंबरांत. प्रतिनिधींची संख्या १४,००० च्या वर गेली. नवी घटना मंजूर झाली, आणि काँग्रेसचे प्रांत भाषेच्या पायावर आंखण्याचें ठरलें. टिळक तें पाहण्यास उरले नव्हते. त्याच वर्षीं १ ऑगस्ट रोजीं त्यांचें निधन झालें होतें.

मोठ्या शहरांची ही मिरासदारी मोडली ती फैजपुरानें. सभा खेड्यांत न्यावी, या गांधीजींच्या आग्रहानुसार १९३६ च्या डिसेंबरांत पूर्व खानदेशांतील हें गांव निवडलें गेलें. गांव आगगाडीच्या रुळावर नव्हतें. जवळचें स्थानक सावदा. व्यवस्थेच्या दृष्टीनें पाहिलें तर याहून गैरसोयीचें स्थळ शोधून सांपडलें नसतें. तेथें टिळकनगर उभें राहिलें. नंदलाल बोस यांनीं बांबूसारख्या गांवच्याच साहित्यानें तें सजविलें. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष असलेल्या या अधिवेशनानें शेतसारा, खंड व शेतकऱ्यांचें कर्ज यांविषयींचा कार्यक्रम मंजूर केला. ज्यांच्याविषयीं ठराव होत होते, ते या वेळीं मंडपाच्या दारांत उभे होते. पुढें हरिपुरा, त्रिपुरी व रामगड येथील अधिवेशनेंहि शहराबाहेर भरलीं.

सोयीचें गांव शोधणें हें स्वागतमंडळाचें काम खरेंच, आणि तें सोपें नाहीं. परंतु १८८५ पासून १९३६ पर्यंतच्या या प्रवासांत ज्या निवडी सभेस मानवल्या, त्या सर्वांस कळणाऱ्या कारणांनीं, उघडपणें झालेल्या होत्या. आणि जी निवड प्रतिपक्षास टाळण्यासाठीं झाली असें अर्ध्या सभेस वाटलें, तिची किंमत सभेस नऊ वर्षें मोजावी लागली.