‘शिक्षक’ आणि खिडकीतली बंदूक

रॅपगीतातील ‘मी’ म्हणजे प्रत्यक्ष कवी की त्याने घडविलेला निवेदक, हा प्रश्न केआरएस-वन (लॉरेन्स पार्कर) याच्या बाबतीत केवळ वाङ्मयीन राहत नाही. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागातल्या बेघरांच्या निवाऱ्यात राहणारा हा तरुण आणि तेथेच समाजसेवकाचे काम करणारा स्कॉट स्टर्लिंग ऊर्फ स्कॉट ला रॉक यांनी ‘बूगी डाउन प्रॉडक्शन्स’ हा गट उभा केला. ‘क्रिमिनल माइंडेड’ (१९८७) या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर दोघेही शस्त्रांसह दिसतात. तिच्यातील ‘मी’ बढाईखोर आणि धमकावणारा आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, एक तंटा मिटवू पाहणारा स्कॉट गोळीबारात मारला गेला.

पुढील ‘बाय ऑल मीन्स नेसेसरी’च्या (१९८८) वेष्टनावर पार्कर हाती बंदूक घेऊन खिडकीचा पडदा सारून बाहेर पाहतो. माल्कम एक्सच्या सुप्रसिद्ध छायाचित्राचे हे उघड अनुकरण आहे. बंदूक कायम राहते, तिचा चिन्हार्थ मात्र बदलतो: ती आत्मरक्षणाची आणि इतिहासस्मरणाची खूण होते. हिंसा थांबविण्याचे आवाहन करणारे गीतही याच ध्वनिमुद्रिकेत आहे. त्याच वर्षी एका रॅप-कार्यक्रमात एका युवकाची हत्या झाली आणि ‘स्टॉप द व्हायोलन्स’ चळवळ आकाराला आली. तिचे गीत ‘सेल्फ डिस्ट्रक्शन’ (१९८९) अनेक कलावंतांनी कडवी वाटून घेऊन गायिले; उत्पन्न नॅशनल अर्बन लीग या संस्थेला देण्यात आले. एकट्याचा ‘मी’ येथे समूहात विलीन होतो.

हा प्रवास म्हणजे ‘गुन्हेगाराचा शिक्षक झाला’ अशी सरळ परिवर्तनकथा मानता येत नाही. १९९२ मध्ये, आपली चेष्टा केल्याच्या रागातून, याच ‘शिक्षका’ने पीएम डॉन या गटाच्या गायकाला भर कार्यक्रमात रंगमंचावरून ढकलून दिले. याला निव्वळ ढोंग म्हणणे सोपे आहे. परंतु प्रतिस्पर्ध्याला नामोहरम करूनच अधिकार सिद्ध करायचा, हा रॅपचा मूळ संकेत त्याच्या शिक्षकपणातही टिकून होता, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल. तोच संकेत ‘साउंड ऑफ द पोलिस’मध्ये (१९९३) सत्तेविरुद्ध वळतो. मळ्यावरील गुलामांचा ‘ओव्हरसीअर’ आणि आजचा पोलीस ‘ऑफिसर’ हे शब्द उच्चारता उच्चारता एकमेकांत मिसळतात आणि गुलामगिरीशी असलेले पोलिसी सत्तेचे नाते कानालाच पटते. म्हणून पार्करच्या बांधिलकीचे मूल्यमापन त्याच्या आवाहनांवरून करताना, त्या आवाहनांना धार देणारी आक्रमकता वजा करून चालणार नाही.