दारफाळणी, लोद आणि रियाध

आपल्याकडची जुनी माणसे योम किप्पूरला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. कोकणात सिनेगॉग नव्हते, प्रार्थनेचे पुस्तक नव्हते, ‘शेमा’ तेवढा तोंडपाठ होता, त्या काळापासूनचे हे नाव. दार लावून घ्यायचे, उपास धरायचा, बाहेरच्या कोणाशी बोलायचे नाही. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’, मग दानधर्म आणि भेटीगाठी. हायम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये लिहून पुरा केलेला आणि १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेलेला बेने इस्राएलांचा इतिहास वाचताना मला एकच प्रश्न पडतो. तीन-चार वर्षांच्या पोराला दिवसभर बंद दाराआड ठेवायचे कसे?

मी लहान मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षे काढली, म्हणून हा प्रश्न. माझ्या आजीकडे त्याचे उत्तर होते. तिच्या लहानपणी मोठी माणसे सिनेगॉगमध्ये जात, पण घरी राहिलेल्या बायका दार लावूनच बसत. पोरांना उपास नसे, त्यांच्यासाठी आदल्या दिवशी केलेले घारगे झाकून ठेवलेले असत. “दार का नाही उघडायचं?” असे विचारले की आजीची आजी म्हणे, “मी उघडलं का?” बस्स, एवढेच. बागुलबुवा नाही की चापट नाही.

हे मी हसण्यावारी नेत असे. डिप्लोमा करताना बालमानसशास्त्राचे धडे गिरवले होते, त्यामुळे मुलाला कारण समजावून सांगावे, असे माझे ठाम मत होते. ते थोडे ढिले झाले १९९१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत.

माझी थोरली बहीण तेव्हा लोदला होती. आणि नर्सिंगला माझ्याबरोबर असलेली एक मैत्रीण रियाधच्या एका इस्पितळात नोकरीला होती, नवरा आणि दोन मुलांसह. (त्या भरतीचा अर्ज मीही आणला होता. धर्माचा रकाना पाहिला आणि घडी घालून परत ठेवून दिला.) दोघी एकमेकींना ओळखत, आमच्या घरी एका ताटात जेवलेल्या. पण रियाध आणि लोद यांच्यामध्ये टपाल नव्हते. मैत्रीण पत्रात इस्राएलचे नावही लिहीत नसे, फक्त “तुझ्या ताईकडे सगळे बरे ना?” एवढेच. दोघींचा निरोप मुंबईत माझ्यापाशी येई.

१७ जानेवारीला युद्ध पेटले. दुसऱ्याच दिवशी इराकची स्कड क्षेपणास्त्रे इस्राएलवर पडू लागली आणि २० तारखेच्या रात्री रियाधवरही आली. सहा आठवड्यांत दोन्ही देशांवर मिळून ऐंशीच्या आसपास सोडली गेली. विषारी वायूची भीती दोन्हीकडे होती.

पत्रे पोहोचली ती उशिरा, पण एकाच आठवड्यात. ताईने लिहिले होते की एका खोलीच्या खिडक्यांना प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावली आहे, दाराखाली ओले फडके ठेवायचे, रेडिओवर सांगेपर्यंत दार उघडायचे नाही. मोठ्यांना मास्क, लहान मुलांसाठी हवा खेळती ठेवणारी टोपी, तान्ह्यांसाठी प्लास्टिकचा बंद पाळणा. मास्क चुकीचा लावल्यामुळे गुदमरून माणसे गेल्याच्याही घटना घडल्या. ताईचा तीन वर्षांचा मुलगा टोपी घालेना. चॉकलेट झाले, दटावणे झाले, वायूचे कारणही सांगून झाले, आणि ते ऐकून तो जास्तच रडला. शेवटी तिने नियम बदलला. भोंगा झाला की पहिल्यांदा बाबा, मग आई, मग तो. तिसऱ्या रात्री त्याने स्वतःच टोपी मागितली.

रियाधचे पत्र दुसऱ्या टोकाचे होते. मैत्रिणीची रात्रपाळी असे. तिने फोनवरून नियम घालून दिले होते: बूट पलंगाशी, बॅटरीशी खेळायचे नाही, भोंगा झाला की खिडकीजवळ जायचे नाही. क्षेपणास्त्रांना आकाशातच गाठणारी पॅट्रियट बघायला लोक गच्च्यांवर चढत. एका सकाळी ती घरी आली तर पाच वर्षांची मुलगी खिडकीत स्टूल टाकून उभी. ओरडल्यावर पोर म्हणाली, “बाबा पण गच्चीवर गेले होते.” त्यावर नवरा-बायकोचे कडाक्याचे भांडण झाले. मैत्रिणीने मोकळेपणाने लिहिले होते की मारायला हात उचलला होता पोरीवर, आणि चूक होती तिच्या बापाची.

दोन्ही पत्रे शेजारी ठेवून वाचताना मला आजीची आजी आठवली. आपले पूर्वज कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले, ते शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून. पोरांना शब्बाथवर व्याख्यान द्यायला कोणी रब्बी नव्हता. घाणा थांबलेला दिसे, बैल मोकळा दिसे, बाप बसलेला दिसे. मासळीचेही तसेच. डेव्हिड रहाबी या पाहुण्याने बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेवली आणि त्यांनी खवले नसलेली बाजूला काढली, म्हणून त्याने आपल्याला ओळखले, अशी परंपरा आहे. त्या बायकांना तोराचा अध्याय ठाऊक नव्हता. आईच्या तव्यावर ती मासळी कधी पडली नाही, हे ठाऊक होते. आपल्या इतिहासावर लिहिणारे या गोष्टी धर्माच्या खात्यात मांडतात. मला त्या मुले वाढवण्याच्या खात्यातल्याही वाटतात. कारण सांगू नये असे मी अजूनही म्हणणार नाही. पण कारण कळायला मूल सहा-सात वर्षांचे व्हावे लागते, आणि भोंगा तोवर थांबत नाही.

लढाई थांबली २८ फेब्रुवारीला. त्या दिवशी पुरीम होता, आपल्या जुन्या माणसांचा ‘होळीचा सण’. ताईने प्लास्टिक उतरवले आणि भाच्याला राजाचा मुकुट घातला, तर त्याने विचारले, “बाबांचा कुठे आहे?”

मे महिन्यात मैत्रीण मुलांना घेऊन सुट्टीला आली. आमच्याकडे मुक्काम होता. रात्री तिच्या मुलीने बूट पलंगाशी नीट जोडून ठेवले. मैत्रीण म्हणाली, “अगं, आता नको.” मुलगी काही बोलली नाही, फक्त वाकून आईच्या चपला कुठे आहेत ते बघत राहिली. मैत्रीण उठली, दाराजवळच्या चपला घेऊन आली आणि त्या बुटांशेजारी ठेवून दिल्या.