माळढोकाचा माळ

माळावर काहीच नसते, असे आपण सहज म्हणून जातो. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ पाहा. पर्जन्यछायेचा मुलूख, मुरमाड जमीन, बेभरवशाचा पाऊस. त्यामुळे इथे दाट जंगल नाही, गवत वाढते. या गवतावरच माळढोकाचे सारे आयुष्य बेतलेले. नर १५ किलोंपर्यंत भरतो. शत्रू दुरून दिसावा म्हणून त्याला मोकळे रान लागते. पाऊस पडून नाकतोडे वाढले की विणीचा हंगाम. घरटे नाहीच, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे.

१९७९ मध्ये सोलापूर-नगर भागातील सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोकासाठी अभयारण्य झाले. तरी लोकांच्या लेखी माळ ‘पडीक’च राहिला. माळावर झाडे लावली गेली, पाणी आले तिथे ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला, विजेच्या तारा आल्या. समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी तारांवर आदळतो.

आज नान्नजला माळढोक क्वचितच दिसतो. उरलेले बहुतेक राजस्थानच्या थर वाळवंटात आहेत. दुष्काळाने त्याला हरवले नव्हते, तो दुष्काळी मुलखाचाच रहिवासी. माळावर रोप लावण्यापूर्वी तिथे आधीपासून कोण राहते, एवढे तरी विचारायला हवे.