सिएनाचे अपुरे कॅथेड्रल

कला आणि वास्तुशिल्पाच्या ओढीने इटलीत जाणारा प्रवासी रोम व फ्लॉरेन्स येथे मनसोक्त रमतो. फ्लॉरेन्सच्या दक्षिणेस, टस्कनीतील टेकड्यांवर वसलेल्या सिएनाच्या वाट्याला मात्र घाईची एखादी दुपार येते. एकेकाळी हे नगर फ्लॉरेन्सचे तुल्यबळ प्रतिस्पर्धी होते. पुढे फ्लॉरेन्स वाढत गेले आणि सिएना चौदाव्या शतकापाशीच थबकले. ते का थबकले, याचे उत्तर आम्हांला तेथील भिंतींनी दिले.

शिंपल्यासारखा उतरता 'काम्पो' चौक हे नगराचे हृदय. त्याच्या विटांच्या फरसबंदीत नऊ भाग पाडलेले आहेत. १२८७ ते १३५५ या काळात येथे राज्य करणाऱ्या नऊ जणांच्या मंडळाची ती आठवण. चौकातील नगरभवनात अम्ब्रोज्यो लोरेन्झेत्ती याने १३३८-३९ मध्ये रंगविलेली भित्तिचित्रे आम्ही पाहिली. सुशासनाखालील नगरात गवंडी घर बांधीत आहेत, गुरुजी शिकवीत आहेत, वेशीबाहेर शेतकरी राबत आहेत. दुसऱ्या भिंतीवर कुशासन आहे : न्यायदेवता बांधलेली, शेते ओसाड. कारभाऱ्यांनी निर्णय घ्यावेत ते ही चित्रे डोळ्यांसमोर ठेवून, अशी त्यांची योजना!

या नगराची पवित्र मरियेवरची भक्तीही अशीच सार्वजनिक. १२६० साली मोन्तापेर्तीच्या लढाईपूर्वी नागरिकांनी आपले नगर तिला समर्पित केले होते. दुच्चो याने कॅथेड्रलच्या मुख्य वेदीसाठी रंगविलेले मरियामातेचे भव्य चित्र ९ जून १३११ रोजी दुकाने बंद ठेवून, घंटानादात, मिरवणुकीने नेण्यात आले. चित्राच्या मागील बाजूस प्रभूच्या दुःखसहनाचे प्रसंग आहेत.

अशा वैभवात १३३९ साली नगराने एक धाडसी निर्णय घेतला. असलेले कॅथेड्रल हा केवळ आडवा भाग ठरेल, एवढे प्रचंड नवे मंदिर बांधायचे! खांब उभे राहिले, कमानी चढल्या. आणि १३४८ साली प्लेगची महामारी आली. आन्योलो दि तूरा या बखरकाराने आपली पाच मुले स्वतःच्या हातांनी पुरल्याचे लिहून ठेवले आहे. लोरेन्झेत्तीही याच साथीत दगावला असावा. पैसा आणि माणसे संपली. त्यातच नव्या बांधकामात गंभीर दोष आढळले. १३५७ साली धोकादायक भाग पाडून टाकण्यात आला. उरल्या त्या एका बाजूच्या कमानी आणि दर्शनी भागाची छप्पर नसलेली उत्तुंग भिंत.

सिएनाने ही उरलेली भिंत झाकली नाही. अपुऱ्या मंदिराच्या कमानी बुजवून तेथे आज कॅथेड्रलचे संग्रहालय आहे, आणि दुच्चोचे ते चित्र तेथेच आहे. १७७१ साली ते करवतीने कापण्यात आले. त्याचे काही तुकडे लंडन, वॉशिंग्टनपर्यंत विखुरले. अपुऱ्या वास्तूच्या आश्रयाला आलेले अपुरे चित्र पाहून आमचे मन विषण्ण झाले.

पण सिएनाची कथा तेथे संपत नाही. महामारीच्या आदल्याच वर्षी, १३४७ साली, येथील एका रंगाऱ्याच्या घरी एक कन्या जन्मली होती : संत कॅथरीन. १३७४ साली पुन्हा प्लेग आला तेव्हा तिने रुग्णांची शुश्रूषा केली. १३७६ साली ती आविन्यों येथे गेली आणि पोप अकरावे ग्रेगरी यांना रोमला परतण्याची गळ घातली. जानेवारी १३७७ मध्ये ते रोममध्ये दाखल झाले. अवघ्या तेहतिसाव्या वर्षी तिचे निधन झाले. १९७० साली ख्रिस्तसभेने तिला धर्मपंडिताचा मान दिला.

त्या एकाकी भिंतीच्या आतून अरुंद जिना वर जातो. धापा टाकीत आम्ही माथ्यावर पोहोचलो. खाली अर्धवट मंदिराची मोकळी जागा होती. समोर, दरीपलीकडे, संत दोमिनिकचे विटांचे साधे मंदिर दिसत होते. कॅथरीन तेथेच प्रार्थनेला जात असे.