डेमलो संख्या : अंकांचा गुण की लेखनाचा?

नाशिकजवळील देवळाली येथे १९३० ते १९६२ या काळात शाळाशिक्षक असलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टूडंट’ या नियतकालिकात ‘अद्भुत डेमलो संख्यां’वर लेख लिहिला. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर, तत्कालीन जी. आय. पी. रेल्वेच्या ज्या स्थानकात त्यांना ही कल्पना सुचली, त्याचेच नाव त्यांनी या संख्यांना दिले. १, १२१, १२३२१ अशा क्रमाने वाढणाऱ्या या मालिकेतील नववी संख्या १२३४५६७८९८७६५४३२१ ही होय.

सतरा अंकांची ही संख्या म्हणजे नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग. तिचे १२३४५६७८, ९ आणि ८७६५४३२१ असे तीन भाग पाडले असता पहिल्या व शेवटच्या भागांची बेरीज ९९९९९९९९ येते. म्हणजे बेरजेचा प्रत्येक अंक मधल्या अंकाएवढाच असतो. डेमलो संख्येचे लक्षण ते हेच. शिवाय तिच्या अंकांची बेरीज ८१ असून ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’ म्हटले. हर्ष देणारी ती हर्षद.

ही सममिती येते कोठून? गुणाकार मांडताना प्रत्येक स्थानी केवळ एककेच जमतात. त्यांची संख्या ९ पर्यंत चढते व पुन्हा उतरते, त्यामुळे हातचा घ्यावा लागत नाही. एक १ वाढविताच मधल्या स्थानी १० होतात, हातचा पुढे सरकतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ ही संख्या मिळते. सममिती तेथे भंगते.

यावरून असा आक्षेप निघतो की, हा गुण संख्येचा नसून दशमान लेखनाचा आहे. आक्षेप यथार्थ आहे. ३, ३७ व ३३३६६७ हे या संख्येचे मूळ अवयव कोणत्याही पद्धतीने लिहिले तरी बदलत नाहीत. सममिती मात्र पाया बदलताच बदलते. षोडशमान पद्धतीत ती पंधरा एककांपर्यंत टिकेल. अशा अभ्यासास अनेक व्यावसायिक गणितज्ञांनी गौण लेखले, त्याचे कारण हेच. कापरेकरांचे नाव जगभर पोहोचले ते मुख्यतः १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यानंतर.

तथापि लेखनपद्धती ही क्षुल्लक वस्तू नव्हे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (बारावे शतक) एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिलेली आहेत. त्यांनुसार प्रस्तुत संख्येचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी, तर ९ हा अंक ‘अर्बुद’ या स्थानी येतो. स्थानांना नावे असणे म्हणजे लेखनाला व्याकरण असणे. भाषेच्या व्याकरणाचा अभ्यास करणाऱ्याला ‘हे वस्तूंविषयीचे ज्ञान नव्हे’ असे म्हणून कोणी कमी लेखीत नाही. कापरेकरांनी दशमान लेखनाच्या व्याकरणातील नियम शोधले. त्यांच्या कार्याचे मोल त्याच मापाने ठरविणे न्याय्य होय.