मोट, दोरी आणि ओठ : गळतीचा एक लहानसा इतिहास

बारामती आणि इंदापूर हे पर्जन्यछायेंतील तालुके. नीरा आणि भीमा या नद्या त्यांच्या कडेनें वाहतात खऱ्या. परंतु पाणी शेतांत आणण्यासाठीं तेथील शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या खटपट करावी लागली. या खटपटीचा इतिहास सहसा धरणें आणि कालवे यांच्या नांवानें सांगितला जातो. पण त्याच्या पोटांत दुसरा एक लहानसा इतिहास दडलेला आहे. जें आंत राहावयास हवें तें बाहेर गळूं न देण्याचा, म्हणजे गळतीचा, तो इतिहास होय.

त्याचा आरंभ मोटेपासून होतो. बैल धावेवरून उतरत, चामड्याची मोट वर येई आणि तिचें पाणी थारोळ्यांत पडे. शिवण सैल झाली कीं त्यांतलें बरेंचसें पाणी वाटेंतच विहिरींत परत जाई आणि बैलांचे श्रम फुकट जात. म्हणून मोटेच्या चामड्याला वेळोवेळीं तेल पाजावें लागे. कोरडें चामडें तडकतें, तेल प्यालेलें चामडें मऊ राहून मिटून बसतें, ही गोष्ट गांवच्या चर्मकाराला कोणत्याहि पुस्तकावांचून ठाऊक होती.

पुढें काळ पालटला. १८८० नंतरच्या दशकांत नीरेचा डावा कालवा आला. १९२८ मध्यें भाटघरचें नवें धरण पुरें झालें. १९३० नंतरच्या दशकांत इंदापूर तालुक्यांत वालचंदनगर वसलें आणि तेथें साखर कारखाना उभा राहिला. उसाबरोबर यंत्रेंहि आलीं. किर्लोस्कर बंधूंनीं १९२६ मध्यें पंप बनविण्यास आरंभ केला, आणि १९४६ मध्यें पुण्याजवळ खडकी येथें तेलइंजिनांची स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. मोटेची जागा हळूहळू पंपानें घेतली. पण गळतीचा प्रश्न संपला नाहीं. तो अधिक अवघड झाला. मोट शिवली कीं काम भागे. यंत्राचा दांडा मात्र सतत फिरतो, आणि फिरत्या वस्तूला शिवण घालतां येत नाहीं.

वाफेच्या इंजिनांत यावर उपाय होता तो ताग आणि चरबी यांचा. दांड्याभोंवतीं चरबींत भिजविलेला ताग ठासून भरीत. पंपाच्या ग्लँडमधील दोरी ही त्याच युक्तीची संतति होय. या दोरीनें शेतकऱ्याला एक धडा शिकविला. गळती दिसतांच नट आवळीत गेलें, तर दोरी जळते आणि दांडा झिजतो. थेंब थेंब पाणी पडूं दिलें, तर तेंच पाणी दोरीला थंड ठेवतें.

रुडॉल्फ डीझेल यांचें इंजिन १८९७ मध्यें जर्मनींत यशस्वी झालें. अशा इंजिनांत क्रँकशाफ्टचें मागचें टोंक फ्लायव्हीलसाठीं बाहेर काढावें लागतें, आणि तेथूनच तेल निसटूं पाहतें. पंपाची दोरी बाहेरून आवळतां येते. ही जागा फ्लायव्हीलच्या मागें झांकलेली असते. आरंभीं दांड्यावर तेल झटकणारें कडें किंवा उलटा आटा ठेवून तेल मागें परतवीत. पुढें खांचेंत दोरी बसविण्याची रीत आली. १९३० नंतरच्या दशकांत जर्मनींतील वाइनहाइम येथील फ्रॉयडेनबर्ग या चामडें कमावणाऱ्या पेढीनें लवचीक ओठाचा सील प्रचारांत आणला. त्याचा ओठ प्रथम चामड्याचा होता व नंतर कृत्रिम रबराचा झाला.

मद्रासेंत १९६० मध्यें स्थापन झालेल्या टाफे कंपनीनें मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर बनविले. त्यांचें तीन सिलिंडरचें इंजिन मूळ पर्किन्स कंपनीच्या धर्तीचें होतें, आणि त्याच्या मागच्या टोंकाला दोरीचाच सील असे. माळेगांव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथील कारखान्यांकडे ऊस वाहण्याच्या हंगामांत अशा ट्रॅक्टरचें तेल क्लचवर उतरलें, तर ओढ सुटते आणि तोडलेला ऊस फडांत वाळत राहतो. दोन वीत दोरी बदलण्याकरितां सबंध ट्रॅक्टर मधोमध विलग करावा लागतो. त्यानंतरहि गळती राहिली, तर सारा खर्च आणि हंगामाचे दिवस वायां जातात.

म्हणून यांत हातघाई चालत नाहीं. जुन्या दोरींत ॲस्बेस्टॉस असूं शकतें. ती कोरडी खरवडून धूळ उडवूं नये. नव्या दोरीचीं दोन्ही टोंकें आधीं खांचेंत बसवून मग मधला भाग दाबतात व गुळगुळीत गोल दांड्यानें ती घोटतात. टोंकें सांध्याशीं सपाट कापण्याचा मोह होतो. परंतु तीं पाव ते अर्धा मिलिमीटर पुढें राहिलीं, तरच दोन अर्धीं एकमेकांवर दाबलीं जाऊन सांधा मिटतो. दोरीला ग्रॅफाइटचें ग्रीस लावून घर क्रँकशाफ्टवर चढवावें, आणि पक्कें करण्यापूर्वीं हातानें फिरवून पाहावें. तें फिरलें पाहिजे, पण सैल फिरतां कामा नये.

इतकें करूनहि तेल आलें, तर दोष बहुधा सीलचा नसतो. ब्रीदर तुंबला किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या, तर आंतील दाब तेलाला बाहेर ढकलतो. मुख्य बेअरिंग झिजलें, तर दांडा हेलकावतो आणि कोणताहि सील त्याच्याबरोबर नाचूं शकत नाहीं. रबरी ओठानें दांड्यावर चर पाडली असेल, तर नवा सील किंचित्‌ पुढें-मागें बसवून त्याच्या ओठाला अभंग जागा द्यावी लागते. हा ओठहि दांड्याला कोरडा चिकटून राहत नाहीं. तेलाच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यावरच तो टिकतो.

मोटेचें चामडें, पंपाची दोरी आणि रबराचा ओठ या तिहींचें सांगणें एकच आहे. जें अडवावयाचें, त्याचाच थोडासा अंश अडविणाऱ्याला मिळाला पाहिजे. नीरा-भीमेच्या कांठीं मोट ओढणाऱ्याला हें तेलाच्या बुधलीवरून कळलें होतें. त्याच्या नातवाला तें ट्रॅक्टर उघडल्यावर कळतें.