मामांची परीक्षा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक अभ्यासिका आहे. राजारामपुरीत आता अशा अभ्यासिका पुष्कळ झाल्या आहेत. परवा तिथला एक मुलगा भेटला. म्हणाला, "आजी, मी असिस्टंट लोको पायलटची परीक्षा देतोय." म्हणजे आमच्या वेळच्या भाषेत सहायक ड्रायव्हर. संगणकावर दोन परीक्षा, मग कल-चाचणी, कागदपत्रे, शेवटी डोळ्यांची तपासणी, असे सगळे त्याने बोटांवर मोजून दाखवले. मला एकदम माझे मिरजेचे मामा आठवले. ते वाफेच्या इंजिनावर फायरमन होते.

आपला मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्ग १८९१ साली सुरू झाला. संस्थानचा मार्ग, रूळ मीटर गेजचे, आणि गाड्या चालवायची सदर्न मराठा रेल्वे. त्या काळी देशभरात मेल गाडीचा ड्रायव्हर म्हटला की बहुधा युरोपियन, नाहीतर अँग्लो-इंडियन. आपल्या माणसाने इंजिन पुसायचे, कोळसा घालायचा, फार तर मालगाडी न्यायची. १९२०-२१ च्या ॲकवर्थ समितीपुढे हिशेब आला तेव्हा रेल्वेत सुमारे सात लाख नोकर होते. त्यांत युरोपियन जेमतेम सात हजार, पण सर्वांत वरच्या जागांवर भारतीय एकही नव्हता. हीसुद्धा एक परीक्षाच म्हणायची. प्रश्न एकच, तुझ्या कातडीचा रंग कोणता? त्याचा अभ्यास तरी कसा करणार?

मामांच्या वेळेपर्यंत हे चित्र पालटले होते, पण पायऱ्या त्याच होत्या. आधी क्लीनर, मग फायरमन, मग शंटर, मग मालगाडीचा ड्रायव्हर, पुढे पॅसेंजर आणि सर्वांत शेवटी मेल. एकेका पायरीवर वर्षे जायची. मामा क्लीनर म्हणून लागले तेव्हा तेलाच्या बोळ्याने चाके पुसायचे. पुसता पुसता इंजिनाचा कुठला भाग कुठे आहे ते हाताला पाठ होते, असे ते सांगत. फायरमन झाल्यावर भट्टी कळली. कोळसा थोडा थोडा आणि सगळीकडे सारखा पसरायचा. एकदम ढीग घातला की काळा धूर निघतो आणि वाफ पडते. धुराच्या रंगावरून फायरमन कसा आहे ते स्टेशनातला हमालसुद्धा ओळखायचा!

मार्गही पाठ लागायचा. मिरज सोडल्यावर कृष्णेचा पूल, जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, पंचगंगेचा पूल, वळिवडे. चढ कुठे, उतार कुठे, सिग्नल कुठल्या वळणामागे लपलेला, हे अंधारातही माहीत हवे.

मी साधारण बारा-तेरा वर्षांची असताना मामांची वरच्या पायरीची परीक्षा आली. नियमांचे पुस्तक इंग्रजीत, आणि मामांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत. पण शेडमधल्या कुणीतरी मराठीत प्रश्नोत्तरांची वही केली होती. ती हातोहात फिरून तेलकट झालेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत रात्री कंदिलाजवळ बसून मी प्रश्न विचारायची आणि मामा डोळे मिटून उत्तरे द्यायचे.

"बॉयलरच्या काचेत पाणी दिसेनासे झाले तर काय करावे?"

मला वाटे, सोपे आहे, पाणी भरावे. मामा म्हणत, "तसं केलंस तर मेलीस पोरी." भट्टीचे छत उघडे पडून लाल झालेले असू शकते. त्यावर गार पाणी गेले तर बॉयलर फुटायचा. आधी आग खाली पाडायची. छतात शिशाचा एक प्लग असतो. पाणी फारच उतरले तर शिसे वितळते आणि वाफ भट्टीत शिरून ड्रायव्हरला इशारा देते. पण त्या प्लगवर विसंबणारा ड्रायव्हर नापास!

मामा पास झाले. आजीने पेढे वाटले. पुढे ते मालगाडीचे ड्रायव्हरही झाले.

डोळ्यांची तपासणी मात्र ठरावीक वर्षांनी पुन्हा पुन्हा होई. तिचाही इतिहास आहे. स्वीडनमध्ये १८७५ साली लागरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर झाली. हॉल्मग्रेन नावाच्या प्राध्यापकांना शंका आली की माणसांना सिग्नलचा लाल-हिरवा ओळखू येत नसावा. त्यांनी रंगीत लोकरीच्या लडी पुढे ठेवून रेल्वे नोकरांची तपासणी सुरू केली. त्या अपघाताचे कारण खरोखर तेच होते का, याबद्दल आता संशोधकांना शंका आहे. पण तपासणी जगभर गेली. पुढे १९१७ साली जपानच्या इशिहारांनी ठिपक्यांची पाने तयार केली. मामांनी त्या ठिपक्यांतले आकडे वाचले होते.

रेल्वेचे रूळ रुंद होण्याच्या सुमारास, म्हणजे १९७१ च्या आगेमागे, मामा एका तपासणीत अडकले. रंग बरोबर ओळखले, लांबची अक्षरे चुकली. इंजिनावरून उतरवून त्यांना शेडमध्ये हलके काम दिले. मी तेव्हा नुकतीच बी.ए. झाले होते. मला फार राग आला. वीस वर्षे ज्याने मार्ग डोळे मिटून सांगितला, त्याला चार अक्षरांसाठी नापास करायचे? मामांना तसे म्हटले तर ते म्हणाले, "डब्यात तू बसलीस तर?"

त्यावर मला उत्तर सुचले नाही.

पुढे मी स्वतः शाळेत शिकवले. तीस-बत्तीसवर अडलेल्या कितीतरी मुलांना कृपागुण देऊन पुढे ढकलले, आणि त्याचा पश्चात्ताप नाही. पण सगळ्याच परीक्षांना कृपागुण चालत नाहीत, हे मामांमुळे कळले. कातडीचा रंग विचारणारी परीक्षा अन्यायाची होती, कारण गाडी चालवण्याशी त्याचा संबंध नव्हता. लांबचा दिवा दिसतो का, हे विचारणारी परीक्षा कठोर होती, पण अन्यायाची नव्हती. मामांना हा फरक माझ्याआधी समजला होता. त्यासाठी त्यांना बी.ए. व्हावे लागले नाही.

अभ्यासिकेतल्या त्या मुलाला मी एवढेच सांगितले, "बाळा, रात्री डोळ्यांना विश्रांती देत जा." तो हसला. त्याला वाटले असेल, आजी म्हणजे काहीतरी सांगणारच!

असो. मामांची ती तेलकट वही आता कुठे आहे कोण जाणे. मिरजेच्या मंडळींनी जुन्या ट्रंकेत एकदा बघावे.